गीता २.१४ : 'सोस' असं कोण कुणाला म्हणतंय?



आज दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक. इंद्रियांचा बाहेरच्या जगाशी संबंध आला की थंडी-ऊन जाणवतं, सुख-दुःख होतं. ते येतं आणि जातं, टिकत नाही. तेव्हा अर्जुना, ते सोस. अर्थ एवढाच. मला यातला क्रम फार आवडतो. आधी थंडी आणि ऊन, मग सुख आणि दुःख. रणांगणावर हातपाय गळालेल्या माणसाला समजावताना कृष्ण पहिलं उदाहरण देतो ते ऋतूचं! कारण ऋतूशी कुणी भांडत नाही. मे महिन्यात आमच्या यवतमाळात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा लोक सूर्यावर रुसत नाहीत. डोक्याला दुपट्टा बांधतात आणि कामाला लागतात.

हल्ली माइंडफुलनेसमध्येही ऋतूंवर बराच भर असतो. पावसाचा आवाज ऐका, पहिल्या थंडीत श्वास कसा बदलतो ते बघा, झाडांकडे रोज पाच मिनिटं लक्ष द्या. चांगलंच आहे ते, मीही करते. पण आमच्याकडे ऋतूकडे लक्ष देणं ही काही नवी शिकवण नाही. पावसाला आम्ही 'पाणी' म्हणतो. पुण्याहून घरी फोन लावला की पहिला प्रश्न, "पाणी आला का?" तब्येत वगैरे नंतर. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. साधारण तेरा-चौदा दिवसांचं एकेक नक्षत्र, आणि पंचांगात त्याचं वाहन कोणतं, बेडूक की गाढव, यावर पारावर चर्चा! मूठभर माती दाबून गोळा होतो का ते बघायचं, ओल किती खोल गेली ते बघायचं, मगच पेरायचं. घाई केली आणि पावसाने ताण दिला, तर दुबार पेरणी. पुढे कपाशी फुटली की पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही. शेतात दगड मांडून हळद-कुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग बोंडाला हात लावायचा.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्याच्या या लक्ष देण्यात आशा आहे, भीती आहे, कर्जाचा हप्ता आहे. ते साक्षीभावाने बघणं नव्हे. असेल. पण ज्याचं वर्ष त्या ढगावर अवलंबून आहे त्याने ढग बघणं आणि मी बाल्कनीतून, कॉफीचा मग हातात धरून ढग बघणं, यातलं कुठलं खरं ध्यान, हे मला इतक्या सहज ठरवता येत नाही.

आणि मग २०१७ आठवतं.

त्या वर्षीच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात होते. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत वारंवार यायचं. पाऊस उघडल्यावरचा तो दमट उकाडा, घामाने अंगाला चिकटलेला शर्ट, फवारा वर धरून मारायचा तर औषधाचे तुषार तोंडावरच येणार. तोंडाला बांधायला फार तर एक दुपट्टा. 'श्वासाकडे लक्ष द्या' हे आपण किती सहज म्हणतो! त्या दिवसांत त्या शेतांमध्ये श्वासातूनच विष आत जात होतं.

डोकं गरगरतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, अशा माणसाला जाऊन हा चौदावा श्लोक ऐकवला तर? 'येतं आणि जातं, सोस बाबा.' हे क्रूर होईल, नाही का? मग श्लोक खोटा का? नाही. पण तो कोण कुणाला म्हणतंय, ते सोडून चालत नाही. कृष्ण हे लांबून सांगत नाही. तो त्याच रथावर बसलाय, घोड्यांचे लगाम त्याच्या हातात आहेत, अर्जुनाकडे येणारा बाण त्यालाही लागू शकतो. शिवाय सोस म्हणजे बसून राहा असंही नाही. चारच श्लोक पुढे, अठराव्यात, तो त्याला लढायला सांगतो.

सहावा अध्याय ध्यानाचा. आसन कसं असावं, पाठ-मान कशी सरळ ठेवावी, सगळं तिथे आहे. आपल्या मेडिटेशनच्या पोस्ट बहुतेक तिथूनच येतात. पण त्याच अध्यायात पुढे, बत्तिसाव्या श्लोकात, श्रेष्ठ योगी कोण ते सांगितलंय: जो दुसऱ्याचं सुख आणि दुःख स्वतःच्या ठिकाणी कल्पून समान पाहतो तो. सुख-दुःख हे शब्द चौदाव्या श्लोकातलेच. तिथे माझं सुख-दुःख आहे, ते सोसायचं. इथे दुसऱ्याचं आहे, आणि ते सोसायला कुठे सांगितलंय? 'सोस' हा शब्द फक्त स्वतःला म्हणायचा आहे, असं मी यातून समजते.

बौद्ध परंपरेतला वर्षावासही मला इथे जवळचा वाटतो. आजचं माइंडफुलनेस बरंचसं त्याच परंपरेतून आलंय. विनयपिटकातल्या महावग्गात या नियमाची हकीकत आहे. भिक्षू पावसाळ्यातही फिरत होते. लोकांनी कुरकुर केली, की हे हिरवं गवत, पिकं तुडवतात, बारीकसारीक जीव यांच्या पायाखाली मरतात. तेव्हा पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम झाला. म्हणजे ऋतूला धरून असलेली ही मोठी साधना सुरू झाली ती कुणाला एकांत हवा होता म्हणून नाही, आपलं पाऊल कुणावर पडतंय याकडे लोकांनी लक्ष वेधलं म्हणून. आपल्या चातुर्मासातही मी 'काय सोडायचं' याची यादी करते, तेव्हा कांदा-वांग्याच्या पुढे ती फारशी जात नाही.

या चातुर्मासात एक करून बघतेय. ध्यान झालं की डोळे उघडल्यावर एकच प्रश्न: आजचा पाऊस कुणाला जड जाणार आहे? धो धो पावसात दहा मिनिटांत दूध मागवायचं का, इथून सुरुवात झाली. पण ऑर्डर केली नाही तर त्या मुलाची कमाई बुडते, हेही आहेच. फवारणीचंही तेच. गरगरतंय म्हणून पंप खाली ठेवला तर दिवसाची मजुरी गेली. हे मला बसल्या जागी सुटलेलं नाही. परवा आमच्याकडे येणाऱ्या मुलाला सरळ विचारलं, "दादा, पावसात ऑर्डर नको वाटते का?" तो हसून म्हणाला, "ऑर्डर द्या ताई, फक्त घाई करू नका. आणि लिफ्ट वापरू द्यायला सांगा वॉचमनला."

सोसायटीच्या ग्रुपवर लिफ्टचं टाकलंय. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

उद्या श्लोक पंधरावा. जय हरी!