दुखापत कोणी केली?

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना 1875 सालचे प्रकरण नव्याने सांगावयास नको. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप मल्हारराव महाराजांवर आला. आयोगातील तिघा इंग्रज सदस्यांनी तो सिद्ध मानला, तिघा हिंदी सदस्यांनी मानला नाही. महाराज पदच्युत झाले ते झालेच. कारण तेवढे गैरकारभाराचे दाखविले गेले.

बर्लिनमधील एका गुजराती दांपत्याच्या मुलीविषयी वाचताना आम्हास याची आठवण झाली. सप्टेंबर 2021 मध्ये, सात महिन्यांची असताना, तिच्या अंगावर दुखापत आढळली आणि तेथील बालकल्याण खात्याने तिला ताब्यात घेतले. फेब्रुवारी 2022 मध्ये पालकांवरील फौजदारी चौकशी खटला न भरताच बंद झाली. तरी जून 2023 मध्ये न्यायालयाने, दुखापत अपघाती होती हे पालकांचे म्हणणे नाकारून, ताबा खात्याकडेच दिला. आपल्याकडील 19 पक्षांच्या 59 खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिले.

‘आपली माणसे असे करणारच नाहीत’ हा उद्गार आम्ही पुष्कळांकडून ऐकला. तो आम्हास मान्य नाही. दुखापत झाली होती, आणि जिला झाली तिला बोलता येत नव्हते. अशा वेळी न्यायाधीशाने निःसंशय पुराव्याची वाट पाहिली, तर एखादे मूल पुन्हा त्याच हातांत जाईल. इथवर आम्ही न्यायालयाच्या बाजूचे.

खरी अडचण अपिलात आहे. सरकारी नोकरीत जमिनीची अपिले आम्ही पुष्कळ पाहिली. निकाल दहा वर्षांनी फिरला तरी सर्व्हे नंबर जागचा हलत नाही. सातबारा दुरुस्त केला की झाले. ही मुलगी मात्र पहिल्या निकालापर्यंतच सव्वादोन वर्षांची झाली होती. पुढे कोणी निर्दोष ठरले, तरी ‘आता हलविल्यास मुलाला धक्का बसेल’ असे म्हणावयास जागा राहते, आणि ते म्हणणे खोटेही नसते. म्हणून पालकांनी अपील करूच नये काय? करावेच, नावावरचा डाग मुलालाही लागतो. परंतु आपल्या 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यात अपील करणाऱ्यास 30 दिवसांची मुदत आहे, तशी काटेकोर मुदत निकाल देणाऱ्यावर का नसावी?

आणि तोवर निदान मुलाच्या कानावर घरची भाषा पडू द्यावी. गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहून घरात मराठी बोलणाऱ्या आपणास तिची किंमत ठाऊक आहे. देखरेखीखाली आठवड्यातून काही तास आईबापांनी मुलाशी आपल्या भाषेत बोलावे, यासाठी दोषी कोण हे ठरण्याची वाट पाहण्याचे कारण आम्हास दिसत नाही.