मोजणी कशासाठी?



माणसाला त्याच्या समाजावरून मोजावे का? न्यायासाठी मोजणी लागते, असे आपण म्हणतो. मोजणीमुळे माणसामाणसांत भिंती उभ्या राहतात, अशी तक्रारही आपणच करतो. या प्रश्नाचा विचार करताना मॉरिशस बेटाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू या.

या बेटावर मूळचे रहिवासी नव्हतेच. डच, फ्रेंच व ब्रिटिश अशा तीन सत्ता तेथे होऊन गेल्या. आफ्रिका व मादागास्करहून गुलाम आणले गेले. १८३५ साली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर गेले. त्यांत भोजपुरी, तामिळ, तेलुगू तसे आपले मराठी बांधवही होते. पुढे चिनी व्यापारी आले.

१९६८ साली देश स्वतंत्र झाला. बहुसंख्यांच्या राज्यात आपले कोण ऐकणार, ही लहान समाजांची धास्ती होती. म्हणून राज्यघटनेने हिंदू, मुस्लिम व चिनी असे समाज मानले आणि समतोल राखण्यासाठी संसदेत ८ जागा ठेवल्या. या तिघांत न बसणारे सारे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ ठरले. गुलामांचे वंशज आणि गोऱ्या मळेवाल्यांचे वंशज, बहुतांशी कॅथलिक असलेले हे दोघे, एकाच रकान्यात! त्या जागांचा हिशेब आजही १९७२ च्या जनगणनेवरून होतो.

पवित्र शास्त्रात दोन मोजण्या आहेत. दावीद राजाने लढवय्यांची शिरगणती केली, ती पाप ठरली. मेंढपाळाने मेंढरे मोजली, म्हणून एक हरवल्याचे त्याला कळले. मोजणी तीच, हेतू वेगळा. दुर्बलाला जागा मिळावी म्हणून केलेली मोजणी आम्हांस न्याय्य वाटते. पण रकाना हीच माणसाची ओळख झाली, की त्याची प्रतिष्ठा हिरावली जाते. देवाने आपल्याला नावाने हाक मारली आहे.

फ्रेंच धर्मगुरू जाक देझिरे लाव्हाल १८४१ साली मॉरिशसला गेले. नुकतेच मुक्त झालेले गुलाम त्यांनी आपले मानले, त्यांची क्रिओल बोली आत्मसात केली. ‘सर्वांसाठी’ असे न म्हणता त्यांनी सर्वांत मागे राहिलेल्यांपासून सुरुवात केली. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. दरवर्षी ९ सप्टेंबरला, त्यांच्या स्मृतिदिनी, ख्रिस्ती लोकांबरोबर हिंदू व मुस्लिमही त्यांच्या समाधीवर येतात.

आपल्या धर्मग्रामातही आपण माणसे मोजतो. आपली किती, हे पाहण्याआधी आज कोण आले नाही, हे पाहण्याची दृष्टी प्रभू आपणां सर्वांस देवो.