खंजीर कुणाचा, हुकूम कुणाचा

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या महाकादंबरीचा पहिला खंड 1996 मध्ये आला. त्यात सात वर्षांच्या एका मुलावर खंजीर उगारला जातो. ब्रॅन स्टार्क हे त्याचे नाव. उत्तरेतल्या विंटरफेल किल्ल्याच्या ओसाड जुन्या बुरुजावर तो चढला, राणी सर्सी आणि तिचा जुळा भाऊ जेमी यांना नको त्या अवस्थेत पाहून बसला आणि जेमीने त्याला खाली ढकलून दिले. तो मेला नाही, बेशुद्ध पडून राहिला. राजा रॉबर्टचा लवाजमा दक्षिणेला निघून गेला. त्याला आठ दिवस झाल्यावर एका रात्री ग्रंथालयाच्या मनोऱ्याला आग लागली, सगळे तिकडे धावले आणि तबेल्यात लपून राहिलेला एक फाटका माणूस ब्रॅनच्या खोलीत शिरला. आई केटलिन तिथेच होती. तिने उघड्या हातांनी पाते धरले, बोटे हाडापर्यंत चिरली गेली. मुलाच्या पाळीव लांडग्याने मारेकऱ्याचा गळा फोडला. तबेल्यातल्या गवताखाली नव्वद चांदीच्या नाण्यांची थैली सापडली. हातातला खंजीर मात्र वॅलेरिअन पोलादाचा होता, मूठ ड्रॅगनच्या हाडाची. अशी वस्तू त्या माणसाने सात जन्मांत कमावली नसती.

या खंजिरामागचा माणूस कोण, हा प्रश्न वाचक पंचवीसहून अधिक वर्षे घोळवत आहेत. माझ्या मते उत्तर कादंबरीतच आहे आणि ते बरोबर आहे. ते अनेकांना पटत नाही, याचे कारण पुराव्यात नसून आपल्या एका सवयीत आहे. ज्या घटनेतून महायुद्ध पेटले, तिच्या मुळाशी तेवढेच मोठे कारस्थान असणार असे आपण गृहीत धरतो. मार्टिन यांनी हे गृहीतक विचारपूर्वक मोडले आहे.

पहिला संशय राणी आणि जेमीवर जातो, कारण मुलाला ढकलताना आपण जेमीला पाहिलेलेच आहे. अर्धे राहिलेले काम पुरे करायला त्यांनीच माणूस पाठवला असेल, असे वाटणे साहजिक आहे. धाकटा भाऊ टिरिअन न्याहारीच्या वेळी सांगतो की मुलगा कदाचित वाचेल, तेव्हा या दोघांची नजरानजर होते, तीही लेखक आपल्याला दाखवतो. हेतू आहे, संधी आहे, स्वभावही आहे. पण पुढे कैदेत असताना, जेव्हा खोटे बोलून त्याचा काही लाभ नाही, तेव्हा जेमी केटलिनला स्पष्ट सांगतो की मुलाला मारायचेच असते तर मी स्वतः मारले असते. हे त्याच्या स्वभावाशी तंतोतंत जुळते. दुसऱ्याच्या हातून खून करवणे या माणसाच्या अहंकाराला झेपणारे नाही.

केटलिनने मात्र वेगळा रस्ता धरला. ती खंजीर घेऊन राजधानीत गेली. तिथे तिचा बालपणीचा सोबती पीटर बेलिश, ज्याला सगळे लिटलफिंगर म्हणतात, तिला भेटला. हेरखात्याचा प्रमुख व्हॅरिस समोर असताना त्याने सांगितले की हा खंजीर एकेकाळी माझाच होता. राजपुत्र जॉफ्रीच्या वाढदिवसाच्या स्पर्धेत मी जेमीवर पैज लावली, लोरास टायरेलने जेमीला घोड्यावरून पाडले आणि खंजीर मी टिरिअन लॅनिस्टरला हरलो. या जबानीतला जवळजवळ प्रत्येक तपशील खरा आहे. स्पर्धा झाली होती, जेमी पडला होता, लिटलफिंगरने खंजीर गमावलाही होता. खोटे आहे ते फक्त शेवटचे नाव. पैज जिंकली होती राजा रॉबर्टने. त्या रात्रीच्या मेजवानीत त्याने तो खंजीर मुद्दाम जेमीला दाखवून त्याच्या जखमेवर मीठ चोळले, हे जेमी स्वतः दुसऱ्या खंडाच्या अखेरीस सांगतो.

इथे थोडे थांबायला हवे, कारण केटलिनला मूर्ख ठरवणारे वाचक मी पुष्कळ पाहिले आहेत आणि मला ते अन्यायाचे वाटते. तिच्यासमोर एकच जबानी नव्हती. आधीच तिची बहीण लायसा हिचे गुप्त पत्र आले होते: माझ्या नवऱ्याला, जॉन अ‍ॅरिनला, लॅनिस्टरांनी मारले. आता खंजिराचा माग काढताना पुन्हा लॅनिस्टरांचेच नाव निघाले. दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या ठिकाणांहून, दोन वेगळ्या गुन्ह्यांबद्दल एकाच घराण्याकडे बोट दाखवले, तर कोणताही विचारी माणूस त्याला पुष्टी समजेल. न्यायाधीशही समजेल. तिला कळायला मार्ग नव्हता तो एवढाच, की दोन्ही साक्षींचा उगम एक आहे. तिसऱ्या खंडात लायसा रडत, ओरडत जे ओकते त्यातून समजते की जॉन अ‍ॅरिनच्या मद्यात विष तिनेच कालवले, पीटरच्या सांगण्यावरून, आणि बहिणीला पत्र लिहिले तेही पीटरच्या सांगण्यावरून. म्हणजे एका माणसाने स्वतःच्या गुन्ह्याचा आळ दुसऱ्यावर घातला, आणि मग आपला नसलेला दुसरा गुन्हा त्याच आळाला टेकू म्हणून वापरला. ही दोन प्रकरणे एकमेकांना साक्ष देत उभी राहिली आणि त्या आधारावर केटलिनने चौरस्त्यावरच्या खाणावळीत टिरिअनला पकडले. त्याच्या बापाने तिच्या माहेरच्या प्रदेशावर सैन्य सोडले. युद्ध तिथून सुरू झाले.

टिरिअनने तिला वाटेत दोन प्रश्न घातले होते, आणि दोन्ही बिनतोड होते. मी घरच्यांच्या विरुद्ध कधीच पैज लावत नाही, मग जेमी हरण्यावर लावीन कसा? आणि स्वतःचा ओळखू येणारा खंजीर भाडोत्री मारेकऱ्याच्या हाती देण्याइतका मूर्ख माणूस कोण असेल? पहिल्या प्रश्नाने लिटलफिंगरचे खोटे उघडे पडायला हवे होते. पण दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. टिरिअनने तो स्वतःच्या बचावासाठी विचारला, आणि नकळत खऱ्या गुन्हेगाराचे वर्णन करून ठेवले. या कटात चातुर्य नाही. आगीची युक्ती सोडली तर सगळाच पोरकट मामला आहे. किल्ल्यातला कुठलाही सुरा चालला असता, तिथे राजाच्या संग्रहातले सर्वात भारी हत्यार निवडले गेले. ज्याला वस्तूंची किंमत कधी मोजावी लागली नाही, त्या हातांनी ते उचलले आहे.

हे हात जॉफ्रीचे. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पहिल्या खंडात अगदी सुरुवातीला, टिरिअनच्या कानावर त्याचे आणि त्याचा अंगरक्षक सँडर क्लिगेनचे बोलणे पडते. मुलगा मरायला फार वेळ घेतोय, असे सँडर म्हणतो. जॉफ्रीला त्रास मुलाचा नाही, ओरडणाऱ्या लांडग्याचा होतो आहे. सँडर लांडग्याला गप्प करण्याची तयारी दाखवतो, आणि कुत्र्याला मारायला कुत्रा पाठवावा ही कल्पना राजपुत्राला फारच आवडते. पहिल्या वाचनात आपण हे क्रूर पोराचे बोलणे म्हणून ओलांडून जातो. चार वर्षांनी, 2000 साली आलेल्या 'अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्स'मध्ये जॉफ्रीच्या लग्नाची सकाळ येते. आजोबांनी दिलेली वॅलेरिअन पोलादाची तलवार तो परजतो. पाते फार धारदार आहे, जपून, असे कुणीतरी सांगते, तर हे पोलाद आपल्याला नवे नाही अशी फुशारकी तो मारतो आणि टिरिअनने भेट दिलेल्या दुर्मीळ ग्रंथाच्या चिंधड्या करतो. टिरिअनच्या डोक्यात तिथे प्रकाश पडतो. तो सहज विचारल्यासारखे विचारतो: ग्रंथाऐवजी याच पोलादाचा खंजीर देऊ का, ड्रॅगनच्या हाडाच्या मुठीचा? जॉफ्री त्याच्याकडे चमकून पाहतो, अडखळतो आणि मग म्हणतो, मूठ सोन्याची हवी, माणकांची. संपूर्ण कादंबरीत या गुन्ह्याची उलटतपासणी होते ती एवढीच. त्याच दिवशी लग्नाच्या मेजवानीत आरोपी विष पिऊन मरतो.

पण कशासाठी? टिरिअनला निव्वळ क्रूरपणाखेरीज कारण सापडत नाही. ते सापडते जेमीला, आणि फार वेगळ्या वाटेने. तो सर्सीला विचारतो, तो माणूस तू पाठवलास का? ती नाकारते, आणि बोलता बोलता सांगते की त्या दिवसांत दारूच्या भरात रॉबर्ट म्हणाला होता: पाय मोडलेल्या घोड्याला आणि आंधळ्या झालेल्या कुत्र्याला आपण मारून सोडवतो, पंगू मुलांवर तेवढी दया दाखवण्याचे बळ आपल्यात नाही. तेव्हा खोलीत कोण होते? आम्ही आणि मुले. जेमी तिथेच ओळखतो. सर्सी म्हणते, जॉफ्रीला त्या मुलाशी काय देणेघेणे, तो स्वतःच पोर होता. जेमीचे म्हणणे असे की ज्या दारुड्याला तो बाप समजत होता, त्याने एकदा पाठीवर हात ठेवावा म्हणून आसुसलेले पोर होते ते.

आता मागे जाऊन मारेकऱ्याचे बोलणे आठवावे. खोलीत केटलिनला पाहून तो गोंधळतो, इथे कुणी असायला नको होते असे पुटपुटतो, आणि मुलावर दयाच करतो आहोत असे सांगतो. पैशांसाठी आलेल्या माणसाच्या तोंडी दयेची भाषा कुठून आली? रॉबर्टच्या दारूतून निघालेला विचार मुलाने उचलला आणि नाण्यांबरोबर त्या माणसाच्या पदरात टाकला, हे मला यातून स्पष्ट दिसते. सर्व सुट्या धाग्यांत हा धागा सर्वात मजबूत आहे, कारण दुसरा कोणताही संशयित धरला तर त्याचा उलगडा होत नाही.

म्हणजे हुकूम कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. माणूस पाठवला जॉफ्रीने, पण आपण आज्ञा पाळतो आहोत असे त्याला वाटत होते. रॉबर्टने आज्ञा केली नव्हती, त्याला सकाळी ते बोलणे आठवलेही नसेल. इंग्लंडच्या इतिहासात याची सावली आहे, आणि मार्टिन त्या इतिहासाचे बारकाईने वाचन केलेले लेखक आहेत. दुसरा हेन्री संतापात काहीतरी बोलला, चार सरदारांनी ते मनावर घेतले, आणि 29 डिसेंबर 1170 रोजी कँटरबरीच्या चर्चमध्ये आर्चबिशप थॉमस बेकेट यांचा खून झाला. सत्तेजवळ बसणारे लोक राजाच्या उद्गारांतून हुकूम वाचतात. इथे तो वाचणारा एक मुलगा होता, एवढाच फरक, आणि मला तो फार हादरवणारा वाटतो.

या उत्तरावर असमाधानी असलेले वाचक दोन पर्याय सुचवतात. लिटलफिंगरबद्दल बोलायला फार नको. मुलगा पडला तेव्हा तो कित्येक आठवड्यांच्या वाटेवर, राजधानीत होता. खंजीर त्याच्या हातून आधीच गेलेला. शिवाय त्याचे कसब घटना घडवण्यापेक्षा घडलेल्या घटनेला हवा तो अर्थ चिकटवण्यात आहे, आणि तो गुन्हा त्याच्या माथी आहेच. दुसरा पर्याय अधिक रंजक आहे. राज्याच्या उत्तर सीमेवरच्या भिंतीपलीकडील रानटी टोळ्यांचा राजा मॅन्स रेडर त्या दिवसांत गवयाच्या वेशात विंटरफेलमध्ये होता, आणि निघताना चांदीची थैली बरोबर घेतली होती हे तो स्वतःच सांगतो. भिंतीअलीकडची घराणी आपसात लढली तर त्याचा फायदा होता. पण फायदा कुणाचा, एवढ्या एका प्रश्नावरून गुन्हेगार ठरत नाही. मॅन्सला राजाच्या सामानातून तो खंजीर कसा मिळाला आणि एवढ्या लपवाछपवीनंतर तो चांदीची गोष्ट शत्रूच्या मुलाला का सांगेल, याचे उत्तर या मांडणीत नाही.

2011 ते 2019 या काळात चाललेल्या 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेनेही लहान कारण सहन केले नाही. सातव्या पर्वात लिटलफिंगरला विंटरफेलच्या दिवाणखान्यात उभे करून देहदंड दिला जातो. खंजिराबद्दलचे त्याचे खोटे तिथे उघड होते, पण माणूस पाठवला कुणी हे नाव घेऊन सांगितले जात नाही, आणि प्रेक्षक सगळेच त्याच्या खात्यावर मांडून मोकळा होतो. पुढच्या पर्वात त्याच खंजिराने ब्रॅनची बहीण आर्या मृतांच्या सैन्याच्या राजाला, नाइट किंगला, मारते. एका पोराने बापाच्या सामानातून उचललेल्या वस्तूला असे दैवी प्रयोजन मिळाले. पडद्यावर ते चांगले दिसते. कादंबरीची धार मात्र त्यात गेली.

कादंबरीत कुणीही वरून येऊन निकाल देत नाही. प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या डोळ्यांतून लिहिलेले आहे, आणि जॉफ्रीच्या डोळ्यांतून एकही नाही. जॉन अ‍ॅरिनच्या खुनाला कबुलीजबाब मिळाला. खंजिराच्या बाबतीत दोन भावांचे दोन तर्क आहेत, एकाला हत्यार कळले, दुसऱ्याला कारण कळले. शेवटच्या भेटीत टिरिअन जेमीला दुखवण्यासाठी, न केलेल्या जॉफ्रीच्या खुनाची कबुली देऊन निघून जातो, आणि हे दोन तर्क समोरासमोर ठेवले जाण्याची शक्यताच संपते. केटलिन तोवर मारली गेलेली असते. पुढे ती मढ्यासारखी परत उठते, नदीकाठच्या मुलखात तिला मारणाऱ्या फ्रे घराण्याच्या आणि लॅनिस्टरांच्या माणसांना झाडाला लटकवत फिरते. खंजीर टिरिअनचा नव्हता हे जेमीने तिला जिवंतपणी सांगितले होते. मग तो कुणी पाठवला, हे तिला अजून कुणीच सांगितलेले नाही.