आधार देणाऱ्याचा आधार

१९३५च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल ओहायो राज्यातल्या ऍक्रन शहरात अडकला होता. ज्या व्यवहारासाठी आला तो फिसकटला होता, खिशात फारसे पैसे नव्हते आणि हॉटेलातल्या बारमधून लोकांच्या बोलण्याचे आवाज येत होते. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. बारमध्ये न जाता तो फोनपाशी गेला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवू लागला. मागणी एकच होती : माझी एखाद्या दारुड्याशी गाठ घालून द्या, मला त्याच्याशी बोलायचं आहे. गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. पंधरा मिनिटांच्या बोलीवर सुरू झालेली ती भेट रात्री अकरापर्यंत चालली. पुढे १० जूनला डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) ही संघटना आपला जन्म त्या दिवसापासून मोजते.

या हकिकतीत फोन कोणाला हवा होता ते बघा. पिण्याच्या उंबरठ्यावर उभा होता तो बिल. त्याआधीचे काही महिने तो न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांना गाठून समजावत होता. त्यांच्यातला एकही सुधारला नाही, तो स्वतः मात्र दारूपासून दूर राहिला. समदुःखी माणसाच्या आधाराबद्दल आपण बोलतो तेव्हा ही बाजू निसटते. आपल्याला वाटतं, ज्याला आधार मिळाला त्याचं भलं झालं. देणाऱ्याचं काय होतं? फ्रँक रीसमन या अमेरिकन समाजमानसशास्त्रज्ञाने १९६५ साली हाच धागा पकडला : अशा गटांत मदत करणाऱ्याला होणारा फायदा मदत घेणाऱ्यापेक्षाही मोठा असू शकतो. कारण समजायला अवघड नाही. मनाचा आजार जडला की माणूस घरात कायमचा घेणारा होऊन बसतो. सगळे त्याला जपतात, समजावतात, गोळी घेतलीस का विचारतात. त्याच्याकडे कोणी काही मागत नाही. अशा माणसाला एक दिवस कोणीतरी म्हणतं, तुम्ही त्या रात्री काय केलंत ते मला सांगा. ज्या अनुभवाची इतकी वर्षं लाज वाटली, तोच कोणाच्या तरी कामी येतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे कार्यकर्ते होतात, त्यामागेही हेच सामर्थ्य आहे.

आता हे फोनच्या पडद्यावर आणू. पडदा मुळातच वाईट, असं मी मानत नाही. २०२०च्या टाळेबंदीत एएच्या मीटिंगा झूमवर गेल्या आणि चालू राहिल्या. वेळ ठरलेली, एकाने शेअरिंग करायचं, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, स्वतःपुरतं सांगायचं. स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाची आई तालुक्याच्या गावी राहत असेल, आसपास एकही गट नसेल, तर व्हॉट्सॲपवरच्या पंचवीस पालकांचा गट तिच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. आज ती विचारते, मुलगा औषध थुंकून टाकतो, काय करू? वर्षभराने नव्याने आलेल्या दुसऱ्या आईला तीच उत्तर देते. माझ्या मते तिच्या बरं वाटण्याची खरी सुरुवात त्या दिवशी होते.

सोशल मीडियाच्या फीडवर नेमकं हेच घडत नाही. तिथे रात्री दीड वाजता एखादी मुलगी नैराश्याबद्दलचे शेकडो अनुभव वाचते. तिला पहिल्यांदा कळतं की आपण एकट्या नाही, आणि हा दिलासा खरा आहे, त्याला मी कमी लेखणार नाही. पण त्यानंतर तिच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही. लिहिणाऱ्याला ती ओळखत नाही, उद्या तो कसा आहे हे तिला कळणार नाही. हृदयाची खूण दाबायची आणि बोट वर सरकवायचं. दुःख आत येत राहतं आणि उपयोगी पडण्याची वाट बंद असते. शिवाय पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा हे ठरवणारी यंत्रणा ती कशावर थांबली तेवढंच पाहते. तिला झेपेल का, हे पाहत नाही. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ साली शाळकरी मुलांच्या मैत्रीचा अभ्यास केला. जी मुलं एकमेकांशी आपल्याच अडचणी पुन्हापुन्हा उगाळत बसत, त्यांची मैत्री घट्ट होती आणि मनही जास्त खचलेलं होतं. ही गोष्ट तर दोन जिवलग मैत्रिणींमध्येही घडते. न संपणाऱ्या फीडवर ती थांबवणार कोण?

म्हणून मुलं किती तास फोनवर असतात, एवढ्याच प्रश्नावर सगळी चिंता खर्च करणं मला पुरेसं वाटत नाही. त्या तासांत त्यांची कोणाला गरज पडली का, हेही विचारायला हवं.

देण्यालाही बांध लागतो. मध्यरात्री कोणी गटावर लिहितं, आता जगायचं नाही; आणि गटाचा ॲडमिन, जो स्वतः गेल्या वर्षी रुग्णालयात होता, एकटा जागा राहून त्याला उत्तरं देत बसतो. हे ओझं समदुःखी माणसाने एकट्याने उचलायचं नाही. ऑक्टोबर २०२२पासून सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक प्रत्येक गटात सगळ्यात वर लावलेला असावा. एएत नवख्याला स्पॉन्सर, म्हणजे आधाराला एक जुना सदस्य, मिळतो आणि त्या स्पॉन्सरलाही बहुधा स्वतःचा स्पॉन्सर असतो. आपल्याकडे असे गट चालवणारी बरीच माणसं नोकरी, घर सांभाळून, कोणतंही प्रशिक्षण न घेता हे काम करतात. गटातल्या सगळ्यांना त्यांचा नंबर पाठ असतो. त्यांनी स्वतः कोणाला फोन करायचा, हे गट सुरू होतानाच ठरलेलं असावं.