घर घेण्याचा मुहूर्त

सज्जनहो, साडेतीन मुहूर्त आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असतात. गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया आणि विजयादशमी हे तीन पूर्ण, बलिप्रतिपदा हा अर्धा. या दिवशी पंचांग उघडण्याचे कारण नाही, असा लोकसंकेत आहे. बाकीच्या दिवसांसाठी ज्योतिषांनी ग्रंथ लिहिले. काशीमध्ये राम दैवज्ञाने इ. स. १६०० मध्ये रचलेला 'मुहूर्तचिंतामणि' आम्ही पाठशाळेत असताना घोकला आहे. त्यात वास्तुप्रकरण वेगळे, गृहप्रवेशप्रकरण वेगळे. कोणत्या मासात घराचा आरंभ करावा, कोणत्या नक्षत्रावर आत पाऊल घालावे, सगळे बारकाईने सांगितले आहे. त्या विद्येविषयी मला आदर आहे. थट्टा करावयाची नाही.

पण घर बांधणारा वेगळा आणि तयार घर विकत घेणारा वेगळा. बांधणाऱ्यापुढे मोकळी जागा असते. विकत घेणाऱ्यापुढे एक माणूस उभा असतो, आणि त्या माणसाचाही काही एक काळ चाललेला असतो. घेणाराची वेळ शुभ आहे खरी. त्याच घटकेला देणाराची वेळ कशी आहे? याचे कोष्टक पंचांगात नाही. म्हणून हा प्रश्न ज्योतिषाचा न राहता धर्माचा होतो.

आमच्या सणसर भागात हा प्रश्न दर फाल्गुनात कानावर येतो. गेल्या खेपेस कीर्तन आटोपून मंडळी उठली, तेव्हा एक तरुण जवळ सरकला. बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी, चार पैसे गाठीला, गावात घर घ्यायचे मनात. म्हणाला, "महाराज, घर घ्यायला हंगाम कोणता बरा?" मी म्हटले, "बाबा, तुझ्या मनात कोणता आहे?" तर म्हणतो, "पाडव्याला करावं म्हणतो. मुहूर्तबी साधतो, अन् मार्चएंड असतोय, भावबी उतरतो. आत्ता गेलो तर समोरचा अडून बसंल."

हे बोलणे ज्याला शेतीचा व्यवहार ठाऊक नाही त्याला उलगडून सांगायला हवे. आमचा मुलूख उसाचा. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले तेव्हापासून उसाचा नाद लागला, आणि पुढे भवानीनगरला कारखाना झाला. ऊस हे दीड वर्षाचे पोर. पैसा येतो तो एकदम, आणि जातोही एकदम. दुसरीकडे सोसायटीचे कर्ज. पुष्कळांना ते मार्चअखेरच्या आत 'नवं-जुनं' करावे लागते, नाहीतर व्याजाची सवलत जाते आणि नाव थकबाकीत चढते. ज्याच्या घरी दवाखाना झाला, लेकीचे लग्न निघाले किंवा ऊस तुटायला उशीर झाला, तो माणूस फाल्गुनात कासावीस असतो. पाडवाही बहुधा त्याच सुमारास येतो. एकाच आठवड्यात एकाच्या दारी गुढी, आणि दुसऱ्याच्या दारी वसुलीचा माणूस. त्या तरुणाला पाडवा हवा होता तो गुढीसाठी की वसुलीसाठी, हे त्याचे त्याला ठाऊक. मी विचारलेही. तो नुसता हसला.

आता पूर्वपक्ष मांडू. तोही दुबळा नाही. कोणी म्हणेल, "बुवा, अडलेला माणूस घर विकतो तो खुशीने नाही, हे खरे. पण कोणीच घेतले नाही तर तो जास्त बुडेल. रोख पैसा घेऊन येणारा त्याला देवासारखाच. आणि भाव काय आम्ही ठरवतो? बाजार ठरवतो." यातला पहिला भाग मला मान्य आहे. अडलेल्याकडून घेणे हा दोष नव्हे. कितीकांची लाज अशा खरेदीने राखली गेली आहे. पण घेणे वेगळे आणि टपून बसणे वेगळे. माघात जो भाव तू कबूल केला असतास तो चैत्रात दहा हजारांनी खाली आला. मधल्या काळात घराची एक वीट तरी कमी झाली का? नाही. कमी झाला तो त्या माणसाचा धीर. तेव्हा ते दहा हजार तू घरातून कमावले नाहीस, त्याच्या धीरातून कमावलेस. बाजार भाव ठरवतो हे मानले, तरी कोणत्या दिवशी बाजारात जायचे हे तूच ठरवलेस ना?

या गोष्टी आपल्या मुलुखाला नव्या नाहीत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले होते तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध मिटले, भाव कोसळला. त्यातच १८६७ साली इंदापूर तालुक्याची तीस वर्षांची जमाबंदी संपून सारा वाढला. कुणबी सावकाराच्या दारी गेला. सावकारालाही तोच हंगाम बरा वाटला. शिरूर तालुक्यात करडे म्हणून गाव आहे. तेथे १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने हुकूमनामा बजावून गावच्या देशमुखाचे घर घेतले आणि ते पाडून टाकले. कायद्याने त्याचे काहीच चुकले नव्हते; कोर्टाचा कागद त्याच्या हाती होता. पण गावाने त्याच्याशी व्यवहार तोडला, आणि ते लोण गावोगाव गेले. १२ मे १८७५ रोजी आपल्या बारामती तालुक्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची दप्तरे काढून जाळली. पुढे १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या रक्षणाचा कायदा करावा लागला. मी दंग्याचे समर्थन करीत नाही. मात्र जाळपोळीत लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कागद खरा होता, पण तो कोणत्या वेळी करून घेतला होता, हे लोक विसरले नव्हते.

आणि आपल्या संप्रदायाचे काय? तुकोबारायांच्या घराण्यात महाजनकी होती, सावकारी होती. १६३० चा तो दुष्काळ आठवा. माणसे अन्नान्न करून मेली. खुद्द महाराजांची पहिली पत्नी त्यात गेली. ज्याच्यापाशी लोकांची खते आहेत त्याला घरे आणि जमिनी घेण्यास याहून 'उत्तम' हंगाम जगाच्या पाठीवर कोणता असू शकेल? परंपरा सांगते, महाराजांनी बंधू कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. कीर्तनात आपण हा प्रसंग वैराग्य म्हणून लावतो. तो वैराग्याचा आहेच, पण मला तो व्यवहाराचाही वाटतो. दुसऱ्याच्या पडत्या काळाला त्यांनी आपला हंगाम मानले नाही. एवढे आपल्याकडून होणार नाही. आपण संसारी माणसे, खते पाण्यात सोडू शकत नाही. पण निदान दुष्काळाची वाट पाहत बसू नये, एवढे तरी?

मग हंगामाचा विचार करूच नये काय? करावा. जो हंगाम दुसऱ्याच्या डोळ्यातल्या पाण्यावर चालत नाही तो खुशाल साधावा. २०२० च्या सप्टेंबरापासून डिसेंबरअखेर सरकारने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी उतरवले होते, पुढे मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी. ज्यांनी ती संधी घेतली त्यांनी कोणाचे काही ओरबाडले नाही. तसेच घर पाहण्याचा हंगाम. चातुर्मासात मंगल कार्य टाळतात, पण घर पाहायला कोणत्या शास्त्राने मनाई केली आहे? उलट माझे म्हणणे, घर पाहावे ते भर पावसात. माळवद कोठे गळते, स्लॅब कोठे पाझरतो, भिंत किती ओल धरते, दारापुढे चिखल किती, हे श्रावण सांगतो. रंग दिलेल्या भिंती वैशाखात सगळ्याच देखण्या. पाणी मात्र वैशाखातच पाहावे, आणि तेही कालव्याचे आवर्तन बंद असताना. आवर्तन चालू असता विहिरी भरलेल्याच दिसतात. ते पाणी घराचे नव्हे, कालव्याचे. म्हणजे नीट घर पाहायला वर्ष लागते. आणि वर्षभर ज्याच्या घरी जाणे-येणे झाले, चहा झाला, त्याला मार्चअखेर कोंडीत धरणे माणसाला जरा जड जाते. लाज ही फार उपयोगी वस्तू आहे.

कागदाचेही थोडे सांगतो. भावाने विकायला काढलेल्या वडिलार्जित घरात बहिणींचाही हक्क असतो. दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीपुढे फराळाच्या ताटाबरोबर हक्कसोडीचा कागद ठेवायचा, हा प्रकार मला फार खटकतो. घेणाराने तिला स्वतः जाऊन विचारावे. आणि व्याजाने पैसे देऊन वर खरेदीखत लिहून घ्यायचे, ही जुनी विद्या अजून जिवंत आहे. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात अशा खताची चौकशी होऊन मालमत्ता मूळ धन्याला परत देण्याची तरतूद आहे. अडलेल्याने ती जाणून घ्यावी.

त्या तरुणाला मी काय सांगितले? आजूबाजूला गेल्या वर्षी काय भावाने घरे गेली ती चौकशी कर. तो अडलेला नसता तर तू काय दिले असतेस, ती रक्कम मनाशी धर आणि तीच दे. इसार आत्ताच दे, म्हणजे त्याचे सोसायटीचे नवं-जुनं होईल. खरेदी पाडव्याला कर, माझी ना नाही. ताबा मात्र घाईने मागू नकोस. तो म्हणाला, "मग माझा फायदा काय राहिला, महाराज?" मी म्हटले, "घर राहिलं की!" त्याला ते फारसे पटले असे दिसले नाही.

ताब्याचे मी मुद्दाम म्हटले, त्याला कारण आहे. ज्येष्ठ-आषाढाच्या संधीला तुकोबारायांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते आणि मुक्कामाला सोहळा सणसरात येतो. दुसऱ्या दिवशी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघायचे. त्या एका रात्री गावात कोणाचे घर कोणाचे हे उरत नाही. ओटे, पडव्या, शाळा, गोठेसुद्धा वारकऱ्यांनी भरतात. वर्षानुवर्षे एकच दिंडी एकाच घरी उतरते. आजोबांच्या वेळची पिठलं-भाकरी नातसून वाढते. असे घर विकले जाते तेव्हा त्या दिंडीचे काय, हे खरेदीखतात कोणी लिहीत नाही. विणेकरी मात्र ठरल्याप्रमाणे त्याच ओट्याशी येऊन उभा राहतो. त्या रात्रीचा स्वयंपाक जुन्या धन्याने करायचा की नव्या, हे दोघांनी इसाराच्या वेळीच बोलून घ्यावे. आणि दिंडीच्या चालकाला एक निरोप धाडावा.