आधी उतरायला शीक

चि. सईस,


ताईचा फोन आला होता. अभ्यास आटोपला की तू काँप्युटरवर ‘डीसीएस’ या सिम्युलेटरमध्ये मिग-२१ बिस उडवतेस आणि पाडलेल्या विमानांचा हिशेब ठेवतेस, असं म्हणाली. तिला काळजी वाटते, मला मात्र फार आनंद झाला. ओझरच्या कारखान्यात याच विमानांच्या जोडणीत माझी उमेदीची वर्षं गेली. २०१८ मध्ये वैमानिक अवनी चतुर्वेदींनी एकटीने उडवलेलं बायसन म्हणजे या बिसचंच सुधारलेलं रूप. तेव्हा हा नाद सोड, असं मी मुळीच सांगणार नाही. नीट कर, एवढंच सांगायचं आहे.

कॉकपिटमध्ये समोरच्या पॅनेलवर खाली मधोमध एक उभी पांढरी रेघ आहे, ती पाहिलीस का? विमान स्पिनमध्ये सापडलं, म्हणजे गिरक्या घेत कोसळू लागलं, की वैमानिकाला भोवळ येते, स्टिक मध्यावर आहे की नाही तेही उमगत नाही. अशा वेळी स्टिक सरळ त्या रेघेकडे ढकलायची. कुणाचा तरी जीव वाचावा म्हणून ओढलेली रेघ आहे ती. तुझ्या पडद्यावरचं असं सगळं आधी पाहून घे. शत्रू कुठे पळून जात नाही.

आता उतरण्याचं. या विमानाचे पंख त्रिकोणी आणि तोकडे. वर असताना वळण घट्ट घेतलंस की वेग भराभर गळतो, हे तुला कळलंच असेल. खाली येताना हेच पंख खरी परीक्षा पाहतात. वेग उतरला की त्यांना भार पेलवत नाही, म्हणून बिसमध्ये इंजिनाच्या काँप्रेसरमधली हवा काढून फ्लॅपवर फुंकण्याची सोय केली. तीच एसपीएस. त्या झोताने पंखांना जास्तीची उचल मिळते. पण ही हवा इंजिनातून येते ना! धावपट्टी समोर दिसली म्हणून तू थ्रॉटल मागे खेचलास, की झोत मंदावतो, उचल जाते आणि विमान दगडासारखं खाली बसतं. घाबरून थ्रॉटल पुढे रेटलास तरी इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतात आणि तेवढी उंची हातात उरलेली नसते. म्हणून चाकं टेकेपर्यंत इंजिन जागतं ठेवायचं. टेकतानाही वेग ताशी २५० किलोमीटरच्या वर असतो.

हे मी इतकं घोळवून का सांगतोय? मिग-२१ हे विमान १९६३ मध्ये आपल्या हवाई दलात आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त झालं. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिगनीच रॉकेटं डागली आणि दोन दिवसांत पाकिस्तानी सैन्याची शरणागती आली. पण शांततेच्या काळात अपघातांत आपण शेकडो मिग गमावले, त्यांच्यासोबत कितीतरी तरुण वैमानिक गेले. हॉक हे प्रगत प्रशिक्षण विमान २००८ मध्ये आलं. त्याआधी बरीच पोरं किरणसारख्या संथ विमानावरून या वेगवान विमानाकडे यायची. कारखान्यात अपघाताची बातमी आली की त्या दिवशी कुणी फारसं बोलत नसे. तुझ्याकडे पुन्हा सुरू करायचं बटण आहे, त्यांच्याकडे नव्हतं.

शरीरावरचा ताणही तुझ्या खुर्चीत कळायचा नाही. सात जीच्या वळणात तुझं ५५ किलोचं शरीर ३८५ किलोचं होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तुझा फक्त पडदा काळा होतो. पण चेकलिस्ट, इंधनाचा हिशेब आणि वेगावरची नजर या गोष्टी सिम्युलेटरवरही खऱ्याच असतात. आफ्टरबर्नर लावून लढत बसलीस तर परतीचं इंधन उरत नाही, हेही त्यातलंच.

तेव्हा माझं ऐक. पुढचा महिनाभर एकही विमान पाडू नकोस. बंद इंजिनापासून सुरुवात कर, एक फेरी मार, उतर, विमान जागेवर आणून इंजिन बंद कर. मध्ये आपटलीस तर बटण दाबू नकोस, त्या दिवसापुरता काँप्युटर बंद कर आणि कुठे चुकलं ते वहीत लिही. महिन्याने ती वही घेऊन नाशिकला ये, आपण दोघं बसून वाचू.

तुझा,
मामा