रिक्षातला मंत्र

कासारवाडीत रुळांच्या कडेला एका बैठ्या चाळीत आबा राहायचे. मूळचे मुळशीकडचे. विष उतरवण्याचा मंत्र त्यांना वडिलांकडून मिळाला होता आणि त्यासोबत तीन अटीही. पैसा घ्यायचा नाही. बोलावणं आलं की भरल्या ताटावरून उठायचं. दर ग्रहणात नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मंत्र जागवायचा. पवना जवळच होती. ग्रहण रात्री कितीही वाजता लागो, आबा पाण्यात असत.

पोटापाण्यासाठी मात्र ते पिंपरीच्या एचए कंपनीत होते. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. १९५४ साली स्थापन झाला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत त्याला होती, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. आबा टाक्यांच्या खात्यात मदतनीस. टाकीत बुरशी वाढायची, तिला निर्जंतुक हवा द्यावी लागायची, ठरल्या वेळी नमुना काढायचा, तापमान बघायचं आणि लिहायचं. बाहेरचा एक जंतू आत शिरला तर सगळी बॅच फुकट जायची. साहेबांचं एकच सांगणं असायचं, ‘लिहिलं नाही म्हणजे केलं नाही.’ बॅच बिघडली की कोणाला ओरडण्याआधी कागद काढला जाई आणि चूक कुठल्या वेळेला झाली ते शोधलं जाई.

आबांना हे फार पटलं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण अक्षर नेटकं. एके दिवशी त्यांनी मंत्राचीही वही घातली. तारीख, माणूस, कुठे पान लागलं, म्हणजे साप चावला, साप कोणी पाहिला का, आपण किती वाजता पोचलो, आणि शेवटच्या रकान्यात काय झालं ते.

मला आबांचं मोठेपण इथेच दिसतं. मंत्र जाणणारे गावोगावी होते. गुण आला की मंत्राचा आणि माणूस गेला की त्याच्या नशिबाचा, असाच हिशेब सगळीकडे चालायचा. आबांनी गेलेली माणसंही त्याच शाईने लिहिली.

वही भरत गेली तसं त्यातून काहीतरी वर येऊ लागलं. जिथे लोकांनी साप मारून आणलेला होता, तिथे तो बहुतेक वेळा दिवड निघे, नाहीतर धामण, नाहीतर कवड्या. ही सगळी माणसं वाचलेली. हे साप बिनविषारीच. मंत्र नसता तरी ती वाचलीच असती. मण्यारीच्या दोन नोंदी होत्या. दोघंही पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठलेले, अंगावर खूणही दिसेना, मग पापण्या जड झाल्या आणि श्वास गेला. घोणसाच्याही दोन, तीही माणसं गेलेली. चारही जणांच्या उशाशी आबा स्वतः बसले होते. मंत्रात एक अक्षर चुकलं नव्हतं.

मंत्र कुठे चालतो आणि कुठे नाही, हे कोडं आबांचं एकट्याचं नाही. माणूस पहिल्यांदा आजारी पडला तेव्हापासूनचं आहे. अथर्ववेदात तापाला नाव घेऊन हाकललं जातं आणि त्याच वेदात औषधी वनस्पतींची स्तुतीही आहे. बाबिलोनमध्ये मंत्र म्हणणारा आशिपू आणि लेप-काढे देणारा असू, दोघेही एकाच रोग्याच्या घरी जात. इजिप्तच्या एबर्स पपायरसमध्ये औषध घेताना म्हणायचे मंत्र औषधांसोबतच लिहिले आहेत. पण त्याच इजिप्तमधला, साधारण इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचा, एडविन स्मिथ पपायरस पाहावा. जखमा आणि मोडलेल्या हाडांची ४८ प्रकरणं त्यात आहेत, आणि मंत्र फक्त एकात. प्रत्येक जखम तपासून वैद्य तीनपैकी एक निवाडा देतो. हे मी बरं करीन. याच्याशी मी झुंज देईन. यावर उपचार करता येणार नाही. हा तिसरा निवाडा मला वैद्यकाच्या इतिहासातली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. आपलं काय चालत नाही हे त्या वैद्याने लिहून ठेवलं.

आपल्याकडे मंत्राची मर्यादा सांगण्याचं काम सुश्रुताने किती सांभाळून केलं आहे! त्याच्या संहितेतल्या कल्पस्थानात सर्पदंशावर तो मंत्राला नाकारत नाही, उलट मंत्राचा मोठा मान ठेवतो. मग म्हणतो की नेम पाळले नाहीत, स्वर किंवा अक्षर कमी पडलं, तर मंत्र सिद्धीला जात नाही, म्हणून अगद, म्हणजे विषावरची औषधं, वापरावीत. मंत्रावर श्रद्धा असलेल्या घरात औषधाला जागा करून देणारं ते वाक्य आहे. चरकानेही उपचार तीन प्रकारचे मानले: दैवाच्या आधाराचे, युक्तीच्या आधाराचे आणि मन आवरून धरणारे.

आबांनी यातलं काही वाचलं नव्हतं. ते निवृत्त झाले, एकदा वही पहिल्या पानापासून वाचून काढली आणि मनाशी काही ठरवलं.

पुढच्याच पावसाळ्यात तिन्हीसांजेला शेजारची पोर रुळांकडेच्या गवतात चेंडू आणायला गेली आणि किंचाळत परत आली. आई तिला कडेवर घेऊन आबांच्या दारात. कोणीतरी कडुनिंबाचा पाला आणला, कडू लागतो का बघायला. आबांनी तो बाजूला ठेवला. घोट्यापाशी दोन टिपके, सूज पोटरीकडे चढत होती.

“रिक्षा बोलवा. वायसीएमला.”

आई रडायलाच लागली. “आबा, तुमचा मंत्र असताना दवाखाना कशाला? आधी उतरवा, मग नेऊ.”

“उतरवतो ना पोरी. पण रिक्षात.”

ती जागची हलली ती या शब्दावर. आबांनी ‘मंत्रात काही नाही’ म्हटलं असतं, तर ती पोरीला घेऊन दुसऱ्या भगताकडे गेली असती आणि त्याने सकाळपर्यंत बसवून घेतलं असतं. आबांनी पोरीचा पाय पट्टीला सैलसर बांधून सरळ ठेवला, तिला चालू दिलं नाही, आणि नाशिक फाट्यापासून संत तुकारामनगरपर्यंत तिच्या डोक्यावर हात ठेवून तोंडाने पुटपुटत राहिले. पोर शांत पडून राहिली.

दवाखान्यात डॉक्टरने काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि घड्याळ पाहिलं. आबा समोरच उभे. वीस मिनिटं नळीला कोणी हात लावायचा नाही. मग डॉक्टरने ती तिरपी केली. रक्त गोठायला हवं होतं, ते पाण्यासारखं वाहत गेलं. “घोणस,” डॉक्टर म्हणाले आणि सलाईनमध्ये प्रतिविषाच्या कुप्या मिसळायला लागले. पोर एवढीशी, पण कुप्या मोठ्या माणसाइतक्याच. साप वय बघून विष कमी सोडत नाही. आबांनी औषध कशाचं बनतं ते विचारलं. घोड्यांना थोडं थोडं विष टोचत नेतात आणि त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढतात, असं डॉक्टरने सांगितलं. प्रतिविष बनवणाऱ्या हाफकिन संस्थेचे घोडे पिंपरीतच होते. आबा इतकी वर्षं पिंपरीत कामाला गेले, त्यांना हे ठाऊक नव्हतं.

पोर वाचली. आई आबांच्या पाया पडायला आली तेव्हा त्यांनी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. घरी येऊन वहीत नोंद केली, आणि शेवटच्या रकान्यापुढे एक नवा रकाना आखला: ‘दवाखान्यात किती वाजता पोचलो.’ पुढच्या सगळ्या नोंदींत तो भरलेला आहे.

महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. तुमच्या घरात, शेतात, चाळीत कोणाला पान लागलं, तर जागा कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. हात किंवा पाय हलू न देता माणसाला उचला आणि प्रतिविष असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना मंत्र म्हणायचा असेल, तर त्यांनाही गाडीत सोबत घ्या.